वेव्हनी व्हॅली हा ब्रिटनमधला नवा मतदारसंघ आहे का? २०२४ मध्ये तिथे कोण जिंकलं?

हो, अगदी नवा. फेररचनेनंतर ४ जुलै २०२४ ला तिथे पहिल्यांदाच मतदान झालं. जिंकले पर्यावरणवादी ग्रीन पक्षाचे एड्रियन रॅमसे. त्यांना २०,४६७ मतं, तर दुसऱ्या क्रमांकावरच्या हुजूर पक्षाला १४,८७३. म्हणजे साडेपाच हजारांच्या वर आघाडी.

गंमत अशी की वेव्हनी नदी ही नॉरफोक आणि सफोक या दोन काउंट्यांची हद्द. मतदारसंघ मात्र दोन्ही काठांवर पसरलाय: इकडे डिस, तिकडे आय आणि बंगी. मतदारसंख्या ठरलेल्या मर्यादेत (साधारण ७० ते ७७ हजार) बसवायची, तर अशी ओढाताण होतेच.

हा सगळा ग्रामीण, शेतीवाडीचा भाग, परंपरेनं हुजूर पक्षाचा. म्हणून मला हा निकाल ब्रिस्टल सेंट्रलपेक्षा जास्त नवलाचा वाटतो. तोही नवाच मतदारसंघ, तिथे ग्रीनच्या कार्ला डेनियर १०,४०७ मतांनी जिंकल्या. पण ते पडलं शहर. रॅमसे आणि डेनियर तेव्हा पक्षाचे सहनेते होते. दोघेही नव्या जागांवरूनच पहिल्यांदा संसदेत पोचले.

आणि हो, रॅमसेंनी निवडून येताच, समुद्रातल्या पवनचक्क्यांची वीज वाहून नेण्यासाठी आपल्या भागात उभारायच्या उंच मनोऱ्यांना विरोध केला. हरित ऊर्जेवाल्यांनीच तारा अडवाव्यात, यावरून टीकाही भरपूर झाली.