जुन्या मॅसी ट्रॅक्टरच्या मागची पट्ट्याची पुली वापरात नाही. काढू का, आणि कशी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजोबांच्या वेळचा मॅसी १०३५ आहे, मागे पीटीओवर (इंजिनाच्या जोरावर अवजारं फिरवणाऱ्या शाफ्टवर) पट्ट्याची पुली कित्येक वर्षं नुसती बसून आहे, आता द्राक्षावर औषध फवारायच्या ब्लोअरसाठी पीटीओ मोकळा हवाय, आणि गावातला मिस्त्री म्हणतो, पुलीचं चाक गंजून धरलंय, दोन घण घातले की पडेल. काढली तर गिअरबॉक्सला काही होईल का?

काढा. गिअरबॉक्सला काही होत नाही. फक्त त्या मिस्त्रीला घण घेऊन ट्रॅक्टरच्या मागे फिरकू देऊ नका. खरं तर त्या घणासाठीच मी लिहायला बसलोय.

चाक काढायचंच नसतं हो! चाक ज्या पेटीवर आहे ती पेटी अख्खी काढायची असते. पीटीओचा शाफ्ट सरळ मागे निघतो आणि पट्ट्याचं चाक त्याला काटकोनात फिरावं लागतं, म्हणून मधे क्राऊन-पिनियनची, म्हणजे काटकोनात जुळणाऱ्या दातेरी चाकांची, लहानशी बीडाची (ओतीव लोखंडाची) पेटी असते. ती पीटीओच्या सहा खाचांच्या शाफ्टवर सरकवून मागच्या हाऊसिंगला बोल्टांनी आवळलेली असते. आमच्या गाडीला चार बोल्ट होते. बोल्ट खोला, पेटी मागे ओढा, चाकासकट बाहेर येते. चाक गंजलंय की नाही याच्याशी तुमचा संबंधच येत नाही.

ही गोष्ट आमच्या थोरल्या भावाला, दादाला, १९९३ साली कळली असती तर बरं झालं असतं.

आमचं गाव बार्शी तालुक्यात. अण्णांनी मॅसी घेतला १९७८ ला, आणि पुली घेतली ती हडंब्यासाठी, म्हणजे मळणीयंत्रासाठी. शाळू काढला की महिना-दीड महिना ट्रॅक्टर शेतात कमी आणि खळ्यावर जास्त. आज हडंबा पीटीओच्या शाफ्टवर चालतो, तेव्हा पट्ट्यावर चालायचा. ट्रॅक्टर हडंब्याकडे पाठ करून उभा करायचा, पट्टा चढवायचा, गाडी हळूच पुढे घेऊन ताण द्यायचा आणि चाकांना दगड लावायचे. गाडी बोटभर वाकडी लागली तरी पट्टा उतरायचा. पट्ट्याला एक पिळा दिलेला असायचा, इंग्रजी आठासारखा. पिळ्याने हडंब्याचं चाक उलटं फिरतं, शिवाय दोन्ही पुल्यांना पट्ट्याचा वेढा जास्त बसतो, घसरत कमी. माझं काम राळ लावायचं. पट्टा चिरचिरायला लागला की गाडी थांबवून आतल्या अंगाने राळेची पूड चोळायची. रात्री अंथरुणात पडलं तरी पट्ट्याच्या जोडाचं टक-टक-टक कानात चालूच.

एकदा पुली पुसताना मला दिसलं की चाकाचा माथा सपाट नाही, मधे किंचित फुगीर आहे. अण्णांना म्हटलं, कडांनी झिजली वाटतं. ते म्हणाले, झिजली नाही, घडवलीच तशी. पट्टा नेहमी चढाकडे सरकतो, मधे चढ ठेवला की मधेच राहतो. मग त्यांनी माझं बोट धरून त्या फुगवट्यावरून फिरवलं. जेमतेम दोन पोस्टकार्डांइतका उंचवटा असेल. तेवढ्यावर दिवसभर तो पट्टा जागा सोडत नव्हता.

तर १९९३. भाड्याचे हडंबे आले, ते स्वतःचा शाफ्ट घेऊन यायचे, आमची पुली आडवी यायची. अण्णा म्हणाले, काढून ठेवा. ठेवा, बरं का. टाका नाही म्हणाले. दादाला तेव्हा सगळ्याच गोष्टींची घाई. त्याने चाकाच्या मधला नट खोलला, चाक ओढलं, हलेना. पुलर, म्हणजे चाक ओढून काढायचं अवजार, आणायला बार्शीला जावं लागलं असतं. मी म्हणत होतो, मागचे बोल्ट बघू. मी तेव्हा सतरा वर्षांचा, माझं कोण ऐकतंय. त्याने आतल्या बाजूने कडेवर घण घातला. पहिला घाव घुमला. दुसरा घुमलाच नाही, नुसता थप्प वाजला, आणि तळहाताएवढा तुकडा वाळल्या भाकरीसारखा मोडून माझ्या पायाजवळ पडला.

अण्णा जेवून आले. काही बोलले नाहीत. आधी पेटीचा खालचा बोल्ट काढून ऑइल सोडलं. काकवीसारखं काळं, आणि त्याच्याआधी वाटीभर पाणी. शाफ्टच्या खाचांत डिझेल सोडलं, बिडी ओढून होईपर्यंत थांबले. मग मागचे चार बोल्ट काढले, पेटीखाली कडब्याने भरलेलं पोतं लावलं, मला एका बाजूला धरायला सांगितलं आणि पेटी डावी-उजवी हलवत हलवत बाहेर घेतली. पाऊण तास लागला असेल. दादा तोवर गोठ्याकडे निघून गेला होता.

तेव्हापासून तो एकच सांगत आलाय: पुली आधीच तडकलेली होती, माझ्या हाताने नुसती सुटली. लग्नात, बारशात, अण्णांच्या तेराव्यालासुद्धा. मी तो तुकडा जपून ठेवलाय. ज्यांना बीड कळतं त्यांना मी एवढंच सांगेन: जुनी तड असली की मोडलेल्या तोंडावर आत गंज शिरलेला असतो, तेल मुरून काळं पडलेलं असतं. ताजं मोडलेलं तोंड राखाडी, साखरेच्या दाण्यासारखं चमचमतं. आमचा तुकडा मोडला त्या दिवशी राखाडीच होता. दादा, तूही इथे वाचत असतोस, मला ठाऊक आहे.

ती पुली नंतर पितळेने झाळून घेतली. चाक आऊट मारायला, म्हणजे डोलत फिरायला लागलं, माथ्याचा फुगवटा गेला, पट्टा टिकेना. बीडाचं एकदा मोडलं की मोडलं. गॅसने तापवून काढतो म्हणणाऱ्यालाही तुम्ही हेच सांगा. बीड एकीकडे तापलं आणि एकीकडे थंड राहिलं की तडकतं.

आता तुमच्या कामाचं. पाने इंची-सुताचे घ्या. मिलिमीटरचा ढिला पाना लावलात तर नटाचे कोपरे गोल होतात आणि मग खरंच घण आठवतो. बोल्टांवर आदल्या रात्रीच डिझेल सोडून ठेवा. खोलायच्या आधी नीट बघा, पेटी धरणारे बोल्ट आणि पीटीओ शाफ्टमागचं झाकण धरणारे बोल्ट तेच तर नाहीत. तेच असतील तर पेटीबरोबर झाकणही ढिलं होणार आणि मागचं ऑइल गळणार. खाली डबा ठेवा, पॅकिंग नवं घ्या. पेटीसाठीचे बोल्ट लांब असतात. पेटी गेल्यावर तेच परत आवळले तर ते भोकाच्या तळाला टेकतात. बोल्ट घट्ट वाटतो, झाकण मात्र सैलच. त्या जागी आखूड बोल्ट घाला. जुने लांब बोल्ट डब्यात घालून पेटीलाच बांधून ठेवा.

पीटीओचा दांडा न्यूट्रलला आहे का तेही बघा. या गाडीत दांड्याच्या दोन चाली असतात, एक इंजिनावर फिरणारी आणि एक गाडीच्या चाकांवर. दुसरीवर दांडा राहून गेला असेल तर इतकी वर्षं तुम्ही रस्त्याने जाताना पुली गरगरतच आली असेल, आणि पेटीत ऑइलच्या जागी पाणी असेल तर आतले दाते खाल्ले गेले असतील. म्हणजे तुमचं चाक गंजून धरलंय की पेटीच आतून जाम आहे, हे बाहेर काढल्यावरच कळेल.

हे आधी सांगायला हवं होतं: इंजिन बंद करून, किल्ली खिशात घालूनच हात लावा. पुली निघाल्यावर शाफ्ट उघडा पडतो. त्यावर टोपी बसवा, ब्लोअर लावाल तेव्हा शाफ्टचं गार्ड लावा. धोतर, ओढणी, उपरणं, गुंडाळून घ्यायला त्याला काहीही चालतं.

आणि वरचं सगळं मागे पीटीओवर बसणाऱ्या पुलीबद्दल आहे. जुन्या अमेरिकन फार्मॉल ट्रॅक्टरला पुली गिअरच्या हाऊसिंगच्या बाजूला असते, ती काढली की तिथे भोकच राहतं, त्यावर झाकण आणि पॅकिंग लागतं. आणि जुन्या दोन सिलिंडरच्या जॉन डीअरला तर क्लचच पुलीत असतो, तिथे 'वापरात नाही' म्हणून पुली काढायला गेलात तर गाडीच जागेवरून हलायची नाही. आपल्याकडे या गाड्या क्वचितच, पण कुणीतरी हे उत्तर वाचून पाना घेऊन निघायचा, म्हणून लिहिलं.

एक राहिलं. तुकड्याबद्दल वर लिहिलं ते खरं आहे, पण पूर्ण नाही. एका कोपऱ्यात, बाहेरच्या कडेला, नखाएवढा काळा डाग आहे. तेवढ्याने अख्खी पुली तडकलेली ठरत नाही. घण नसता बसला तर ती अजून वीस वर्षं चालली असती असं मला वाटतं. दादाला तुकडा दाखवतो तेव्हा तो कोपरा माझ्या अंगठ्याखाली असतो.

पेटी भंगारात देऊ नका. जुने ट्रॅक्टर जपणारे लोक अशी पुली शोधत हिंडतात, किलोच्या भावाने घालवाल तर नंतर हळहळाल. आणि बोल्ट खोलायच्या आधी मागच्या बाजूचा एक फोटो टाका, झाकणाचे बोल्ट वेगळे आहेत का ते बघून सांगतो.