मंदीच्या काळात आयटीत कॉन्ट्रॅक्टचं काम कसं मिळवावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जावा आणि डेटाबेसवर नऊ वर्षं काम केलंय, कॉन्ट्रॅक्ट संपलं, पुढे वाढवलं नाही. आता रोज नोकरीच्या पोर्टलवर अर्ज टाकताय आणि पलीकडून हूं की चूं नाही. रेट उतरवावा का, असंही विचारलंय. मी डेटाबेसची कामं कॉन्ट्रॅक्टवरच करते. २००८ ची मंदी, २०२० चा ठप्प काळ आणि २०२२ नंतरची कपात, तिन्ही कॉन्ट्रॅक्टर म्हणूनच काढल्यात. त्यातून जे दिसलं ते सांगते.

पोर्टल बंद करू नका, पण दिवसातला अर्धा तास त्याला पुरे. मंदीत एका जाहिरातीवर ढिगाने अर्ज येतात आणि त्यातल्या काही जागा भरायच्याच नसतात. माणसं पुरवणाऱ्या एजन्सीला फक्त सीव्हींचा साठा करायचा असतो. ओळखायची खूण सोपी आहे. काम कधी सुरू होणार, किती महिन्यांचं आहे आणि तुमच्या आधी ते कोण करत होतं, हे तीन प्रश्न विचारा. खरी जागा असेल तर निदान दोनांची उत्तरं मिळतात. नसेल तर ‘आधी अपडेटेड सीव्ही पाठवा, अर्जंट आहे’ एवढंच ऐकू येतं. आणि रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग किंवा लॅपटॉपच्या डिपॉझिटच्या नावाखाली कुणी पैसे मागितले तर फोन ठेवून द्या.

आता पैसा कुठे असतो ते बघू. मंदी आली की कॉन्ट्रॅक्टवाल्यांना पहिला नारळ मिळतो, हे खरंच आहे. पण कपात झाल्यावर काम थोडंच कमी होतं? पगारी जागा भरायला हेडकाउंटची, म्हणजे माणसांची संख्या वाढवायची, मंजुरी लागते आणि ती गोठवलेली असते. कॉन्ट्रॅक्टचा खर्च मात्र बऱ्याच ठिकाणी प्रोजेक्टच्या बजेटमधून जातो. म्हणजे एखाद्या मॅनेजरकडे डेडलाइन आहे, पैसे आहेत, पण माणूस घ्यायची परवानगी नाही. तुम्हाला हा मॅनेजर शोधायचाय. एचआरला त्याची अडचण बहुतेक वेळा माहीतच नसते, म्हणून तो जाहिरातीत दिसत नाही.

तो कुठे सापडतो? माझा अनुभव असा, की जिथे कामाला तारीख बांधलेली आहे तिथे. नवीन ॲप, नवीन पोर्टल, ‘डिजिटल परिवर्तन’ वगैरे सगळं मंदीत पुढे ढकलता येतं. सॉफ्टवेअरचा सपोर्ट, म्हणजे बनवणाऱ्या कंपनीकडून मिळणाऱ्या दुरुस्त्या, संपायची तारीख पुढे ढकलता येत नाही. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर २०१६ या डेटाबेसची तारीख १४ जुलै २०२६ आहे. एसएपीच्या जुन्या ईसीसीचा (कंपनीचे हिशेब-व्यवहार सांभाळणारं सॉफ्टवेअर) मुख्य सपोर्ट २०२७ अखेरपर्यंत. एका सर्व्हरवर अनेक आभासी मशीन चालवायचं सॉफ्टवेअर बनवणारी व्हीएमवेअर ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये विकत घेतली आणि पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी लायसन्सची विक्री थांबवली. तेव्हापासून कितीतरी कंपन्या दुसरीकडे जायच्या खटपटीत आहेत. अशा प्रत्येक तारखेच्या अलीकडे वर्ष-दीड वर्ष कामं निघतात, आणि ती बहुतेक कॉन्ट्रॅक्टवरच निघतात, कारण नव्या सिस्टीमवर स्थलांतर झालं की माणूस नको असतो. ही कामं कंटाळवाणी असतात हे आधीच सांगते. जुना कोड वाचायचा, कुणीच न लिहिलेल्या नोंदी शोधायच्या, रात्री डेटा हलवायचा. म्हणून तर तिथे गर्दी कमी असते.

जुन्या तंत्रज्ञानाला नाक मुरडू नका. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेत बेकारी भत्त्याच्या अर्जांचा पूर आला तेव्हा न्यू जर्सीच्या गव्हर्नरांनी पत्रकार परिषदेत कोबोल ही जुनी प्रोग्रॅमिंग भाषा येणाऱ्यांना मदतीचं आवाहन केलं होतं, कारण तिथली प्रणाली चाळीसहून अधिक वर्षं जुन्या मेनफ्रेमवर (मोठ्या मध्यवर्ती संगणकावर) चालत होती. तुम्ही आता कोबोल शिकायला बसा असं मी म्हणत नाही. पण तुमच्या सीव्हीत जावा ८, जुनं स्ट्रट्स किंवा ओरॅकलचे स्टोअर्ड प्रोसीजर असतील आणि ते लाजून शेवटच्या पानावर ढकलले असतील, तर पहिल्या पानावर आणा.

दुसरी जागा म्हणजे खर्च कमी करणारं काम. मंदीत वित्त विभाग क्लाउडच्या बिलावर बोट ठेवून बसलेला असतो. साधा हिशेब बघा: आठवड्याचे तास १६८. चाचणीचे सर्व्हर सोमवार ते शुक्रवार रोज १२ तास चालले तरी ६० तासच लागतात. उरलेले १०८ तास ते फुकट जळत असतात. ते आपोआप बंद-चालू केले तर त्या सर्व्हरच्या तासागणिक आकारातले साठ टक्क्यांहून जास्त वाचतात. डिस्कचं भाडं चालूच राहतं, ते वेगळं. असाच पैसा खातात कुठल्याच मशीनला न जोडलेल्या डिस्क, वर्षानुवर्षं साठलेले स्नॅपशॉट (डिस्कच्या प्रती), गरजेपेक्षा मोठी घेतलेली डेटाबेस मशीन, आणि प्रोसेसरच्या कोअरच्या संख्येवर आकारलं जाणारं लायसन्स. ‘मी जावा डेव्हलपर आहे’ म्हणणाऱ्याला मॅनेजर नंतर बघू म्हणतो. ‘तुमच्या डेटाबेसच्या लायसन्सचे कोअर कमी करता येतात का ते तपासून देते’ म्हटलं की तो निदान कॉलवर येतो.

हे सांगायचं कुणाला? जुन्या ओळखींना. यात संकोच करणारे खूप भेटतात, विशेषतः आपल्यातले. पण मागच्या कंपन्यांतले मॅनेजर, टीम लीड, टेस्टर, अगदी तुमच्यासारखेच कॉन्ट्रॅक्टर, सगळ्यांना एकेकट्याने लिहा. सरसकट फॉरवर्ड नको. मी साधारण असं लिहिते:

‘नमस्कार सर, बिलिंग प्रोजेक्टवर आपण एकत्र होतो. रात्रीच्या बॅचचा वेळ कमी केला होता तीच मी. महिनाअखेरपासून मोकळी आहे. तुमच्याकडे किंवा ओळखीत कुठे डेटाबेस अपग्रेड किंवा परफॉर्मन्सचं काम अडलं असेल तर सांगाल का? दोन-तीन आठवड्यांचं असलं तरी चालेल.’

शेवटचं वाक्य मुद्दाम घातलेलं असतं. तीन आठवड्यांना बहुतेक वेळा वरची मंजुरी लागत नाही, मॅनेजर आपल्या पातळीवर सही करू शकतो. आणि एकदा तुम्ही आत आलात, सिस्टीम कळली, की मुदत वाढवणं त्याला नवा माणूस शोधण्यापेक्षा सोपं पडतं. उत्तर आलं नाही तर महिन्याने एकदा आठवण करा, त्यापुढे नाही.

एजन्सीबाबत एकच गोष्ट नीट सांभाळा. एकाच जागेसाठी दोन एजन्सींकडून तुमचं नाव गेलं तर बरेच क्लायंट कटकट नको म्हणून दोन्ही अर्ज बाद करतात. म्हणून क्लायंटचं नाव कळल्याशिवाय ‘पाठवा’ म्हणू नका, परवानगी ईमेलवरच द्या आणि कुठे कुणामार्फत नाव गेलं याची वही ठेवा. सर्टिफिकेटचं म्हणाल तर मंदीत ती गोळा करायची लाटच येते. जाहिरातीत नेमकं तेच मागितलं असेल तर करा, नाहीतर तो वेळ ओळखींना लिहिण्यात घालवा.

रेट. उतरवावा लागतोच, पण मागितल्याशिवाय नाही, आणि फुकट नाही. कमी रेट हवा असेल तर बदल्यात काहीतरी घ्या: तीनऐवजी सहा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, नोटीस एक आठवड्याऐवजी एक महिना, किंवा घरून काम. हा बदल्यातला व्यवहार लेखी नसेल तर पुढच्या रिन्यूअलला हाच आकडा ‘तुमचा रेट’ ठरतो आणि वर न्यायला जीव जातो. शक्य असेल तर तासाचा रेट तोच ठेवून आठवड्याचे दिवस कमी करा; तीन दिवसांचं काम मिळालं तर उरलेल्या दोन दिवसांत दुसरं शोधता येतं.

आणि सही करण्याआधी रेटच्या खालची ओळ वाचा. पैसे बिल दिल्यापासून ३० दिवसांत मिळणार की ९०? ‘क्लायंटने पैसे दिल्यावरच एजन्सी देईल’ असं कलम आहे का? मंदीत क्लायंट हात आखडता घेतो आणि त्याची झळ साखळीतल्या शेवटच्या माणसाला, म्हणजे तुम्हाला बसते. हे कलम काढून टाका म्हणावं. निघत नसेल तर निदान ‘क्लायंटने दिले नाहीत तरी ६० व्या दिवशी आम्ही देऊ’ एवढं घालून घ्यावं. त्यालाही एजन्सी तयार नसेल तर मी ते काम घेत नाही. महिनाभर रिकामं बसणं परवडतं, तीन महिने राबून वसुलीच्या मागे धावणं नाही. तुमच्या मागच्या कॉन्ट्रॅक्टचं काही येणं बाकी असेल तर नव्या अर्जांआधी त्याचाच पाठपुरावा करा.