वास आला नाही, तरी पाईप कचऱ्यात?

भांडुपच्या एका वडिलांचं पत्र आहे. मुलगा यंदा बारावी कॉमर्सला, अकरावीत ६१ टक्के. कुर्ल्याला त्याच्या मामांचं लाकडी खरादकामाचं छोटं वर्कशॉप आहे. सोफ्याचे पाय, जिन्याच्या कठड्याचे खांब असं काम. दहावीच्या सुट्टीपासून मुलगा तिथे जातो. मागच्या महिन्यात त्याच्या कपाटात तंबाखू ओढायचे पाच लाकडी पाईप सापडले. एक गर्द निळा, एक पिवळाधमक, एक लाल-काळा. वडील लिहितात, "वास घेऊन पाहिला, तंबाखूचा नव्हता. तरी सगळे सोसायटीच्या कचऱ्याच्या डब्यात टाकले आणि त्याचं वर्कशॉपला जाणं बंद केलं." तेव्हापासून मुलगा त्यांच्याशी बोलत नाही. परदेशातले जुने पाईपवाले हल्ली असे भडक रंगाचे पाईप करतात, त्यांचे व्हिडिओ तो बघत असतो आणि मला हेच करायचंय म्हणतो. वडिलांची इच्छा सीएची. प्रश्न असा: "हे खूळ डोक्यातून कसं काढू? आणि सीए झेपणार नसेल तर कुठला कोर्स सुरक्षित?"

नमस्कार,

तीन पानी पत्रात मुलाच्या मार्कांना तुम्ही दोन ओळी दिल्यात. बाकी सगळीकडे साडूंचा सीए झालेला मुलगा, सोसायटीचे सेक्रेटरी आणि गावचे भाऊबंद. "लोकांना काय सांगू?" हे वाक्य वेगवेगळ्या शब्दांत चार ठिकाणी आहे. मुलाला काय वाटतं हे एकाच ठिकाणी, आणि तिथेही तुम्ही त्याला खूळ म्हटलंय. ६१ टक्क्यांची मला काळजी नाही. ह्या चार वाक्यांची आहे.

वास घेतलात ते योग्यच केलंत. घरात पाईप सापडल्यावर कुठलाही बाप आधी तेच करेल. पण वास घेऊन जे कळलं, ते तुम्ही मानलं नाहीत. मुलगा तंबाखू ओढत नाही हे स्वतःच्या नाकाने ठरवलंत आणि मग ओढणाऱ्याला करावी ती शिक्षा त्याला केलीत. सतरा वर्षांच्या मुलाला ह्यातून काय कळलं असेल? खरं-खोटं तपासून बाबांचा निकाल बदलत नाही, एवढंच. उद्या त्याच्या आयुष्यात खरंच काही गडबड झाली, तर तो तुमच्याकडे कशाला येईल?

आणि ते पाईप त्याने बनवले कसे, हे विचारलंत का? पत्रात तरी दिसत नाही. सोफ्याचा पाय एका सरळ अक्षावर फिरतो. पटाशी धरता आली की महिन्याभरात हात बसतो. पाईपमध्ये तंबाखूच्या वाटीचा अक्ष एक आणि दांड्याचा दुसरा. त्यामुळे एकच ठोकळा लेथवर, म्हणजे लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर, दोन वेगवेगळ्या बाजूंनी पकडून फिरवावा लागतो. शिवाय दांड्यातून जाणारं बारीक भोक थेट वाटीच्या तळाशी निघालं पाहिजे. थोडं वर निघालं तर खाली ओल साचते आणि ओढताना पाईप गुडगुडतो, खाली गेलं तर तळच फुटतो. मग तोंडात धरायची नळी दांड्यात अशी बसवायची की सांध्यावरून नख फिरवलं तरी अडकू नये. खांब कातायच्या लेथवर हे पाच वेळा करून बघणाऱ्या मुलाला चिकाटी नाही म्हणता? कचऱ्यात टाकण्याआधी एखाद्या पाईपच्या सांध्यावरून नख फिरवून बघायला हवं होतंत.

आता तुमच्या बाजूचं. तंबाखूबद्दल माझी भूमिका तुमच्यापेक्षा सौम्य नाही. सिगारेटपेक्षा पाईप बरा, हा समज बिनबुडाचा आहे. पाईप ओढणाऱ्यांनाही तोंडाचा, घशाचा, फुप्फुसाचा कॅन्सर होतो. परळला टाटा हॉस्पिटलबाहेरच्या फुटपाथवर मुक्काम टाकून बसलेले नातेवाईक ज्याने पाहिलेत, त्याला ह्यावर व्याख्यान लागत नाही. मुलाने ह्या धंद्यात पडू नये असं मलाही वाटतं. तुमचं-माझं एकमत एवढ्यापुरतंच.

एका गैरसमजावर मात्र थांबते, कारण मुलाला काय आवडलंय तेच त्याने झाकून टाकलंय. तुम्ही लिहिता, "खरे कारागीर असली रंगीबेरंगी खेळणी करत नाहीत, हे सगळं युट्यूबचं फॅड." करतात हो, आणि चांगली जुनी घराणी करतात. मिलानचं साविनेल्ली १८७६ पासूनचं. त्यांच्याकडे लाल, हिरव्या, निळ्या रंगांत येणारी एक अख्खी मालिका आहे. फ्रान्समधलं सेंट-क्लोद हे ज्युरा डोंगरातलं गाव एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ब्रायरच्या पाईपांसाठी ओळखलं जातं. तिथले कारखानेही आज तपकिरीवर अडून बसलेले नाहीत. ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या मुळाशी येणारी लाकडी गाठ. ती तासन्‌तास उकळून रस काढायचा, मग महिनोन्‌महिने वाळवायची, तेव्हा कुठे लेथवर चढते. आणि रंग म्हणजे ऑइलपेंटचा हात नव्हे. स्पिरिटमध्ये विरघळणारा पातळ रंग लाकडात मुरवतात. आधी काळा, तो मऊ रेघांत खोल शिरतो; मग पॉलिश पेपरने वरचा घासून काढायचा; मग लाल किंवा निळा. काळ्या रेघा तशाच राहतात आणि त्यांच्यामधून वरचा रंग पेटतो. तुमच्या मुलाचा लाल-काळा पाईप असाच केलेला असणार. वाटीचा आतला भाग कोराच ठेवतात, कारण तिथे निखारा असतो. जुन्या काळ्या रबरी नळ्या उन्हाने, हवेने हिरवट-तपकिरी पडायच्या. ॲक्रिलिक आल्यावर हव्या त्या रंगाची, ढगाळ नक्षीची नळी करता येऊ लागली आणि रंगाचा खेळ दांड्याच्या पुढेही गेला. सपाट, निर्दोष लाकडावर हे सगळं सोपं. पण लाकडात खड्डा किंवा चीर असेल तर पातळ रंग ती लपवत नाही, उलट उठून दाखवतो. म्हणून हे काम कच्च्या हाताचं नाही.

पण मग ह्या जुन्या घराण्यांना आत्ताच रंग का आठवला? हे मुलानेही नीट वाचावं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सेंट-क्लोदमध्ये हजारो हात पाईपवर जगत होते. आज मोजके कारखाने उरलेत. पाईप ओढणारेच कमी झाले. रोज वापरायचा स्वस्त तपकिरी पाईप डझनांनी घेणारा गेला आणि उरला तो हौशी, जमवणारा, वेगळं काही दिसलं तर पैसे मोजणारा. त्याच्यासाठी हे रंग आहेत. म्हणजे व्हिडिओत जे तुला बहरलेलं दिसतंय, ते आटत चाललेल्या धंद्याने टिकण्यासाठी केलेलं धाडस आहे. धाडसाचं कौतुक जरूर कर. त्या धंद्यावर भांडुपमधून घर चालवायचं म्हणत असशील तर मी नाही म्हणेन. ब्रायर बाहेरून मागवायचं, गिऱ्हाईक बाहेरचं, आणि आपल्याकडे २००३ च्या कायद्याने तंबाखूच्या जाहिरातीवर बंदी. तंबाखूशी जोडलेली जी वस्तू उघडपणे मिरवणं अवघड, तिच्यावर विशीत नाव कसं कमावणार? शिवाय शिसवीचा किंवा सागाचा केलेला पाईप कुणाला ओढायला देऊ नकोस, मित्रालाही नाही. ते लाकूड निखाऱ्यासाठी नाही.

सोडायचं ते तंबाखूचं भांडं. हात सोडायचा नाही.

बाबा, तुमच्याकडे परत येते. तुमचं गाव कुडाळ, आणि मुलाला रंगीत लाकडाचं वेड कुठून लागलं हे तुम्ही मला विचारता? सावंतवाडी तुमच्या घरापासून एसटीने किती लांब आहे? चितार आळीतली लाकडी फळं, भातुकली, पाट तुमच्याच घरात आलेले असतील. राजवाड्यात गंजिफाचे गोल पत्ते आजही हाताने रंगवले जातात. तिकडे कर्नाटकात चन्नपट्टणला तर रंग चढवायची तऱ्हाच वेगळी: लेथवर फिरणाऱ्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतात, घर्षणाने ती वितळून लाकडावर बसते, मग केवड्याचं पान धरून चकाकी आणतात. ब्रश नाही, वाळायची वाट बघणं नाही. हे तुमच्या मुलाने एकदा उभं राहून पाहिलं, तर युरोपातले व्हिडिओ काही दिवस बंद पडतील असा माझा अंदाज आहे.

आणि काम कुठलं, तर दिव्यांचे स्टँड, दारांच्या मुठी, पेनं, मुलांची खेळणी, वाद्यांच्या खुंट्या. मुंबईत इंटिरिअरवाले एकसारख्या रंगाच्या चाळीस मुठी हव्यात म्हणून वणवण करतात. चाळीसच्या चाळीस सारख्या करून वेळेवर देणारा खरादी त्यांना सहजी मिळत नाही. मामांना विचारा, ते सांगतील.

परीक्षांचं थोडक्यात. बारावीच्या कुठल्याही शाखेतून आयआयटी मुंबईची यूसीड ही डिझाइनची प्रवेश परीक्षा देता येते. पवईच्या आयडीसी ह्या आयआयटीच्याच डिझाइन विभागातलं बी.डेस., म्हणजे डिझाइनची पदवी, त्यातूनच. ती परीक्षा लागोपाठच्या दोनच वर्षांत देता येते, तेव्हा "बघू बसून" म्हणून एक संधी घालवू नका. एनआयडी ह्या डिझाइन संस्थेची प्रवेश परीक्षा डॅट वेगळी, जे. जे. कला महाविद्यालयाचं वेगळं, तारखा आणि नियम त्या-त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघा. यूसीडमध्ये चित्र काढण्याचा भाग असतो, पण चित्र सुंदर आलं म्हणून डिझायनर होत नाही. वस्तू कशी उलगडते, कुठून फिरते, कुठे अडकते हे ज्याच्या डोक्यात दिसतं त्याचं तिथे जमतं. आणि ते तुमच्या मुलाने पाच वेळा करून दाखवलंय.

राहता राहिला "सुरक्षित" कोर्स. सीए हा उत्तम व्यवसाय आहे, पण सुरक्षित कोर्स म्हणून त्याच्याकडे बघणाऱ्यांनी त्याचे निकाल एकदा डोळे उघडून वाचावेत. मन नसलेला मुलगा त्यात चार-पाच वर्षं अडकून पडला, तर पंचविशीत त्याच्या हातात पदवीही नसेल आणि लेथही. साडूंचा मुलगा झाला, छान झालं. त्याचं त्याला आवडत असेल. कॉमर्स मात्र मुलाने सोडू नये. एका मुठीला लाकूड किती, मजुरी किती, वाया किती गेलं आणि भाव काय लावायचा, हे न कळणारे कारागीर सगळीकडे कर्जात दिसतात. बारावीचं बुककीपिंग त्याला इथे उपयोगी पडेल. हे त्याला सांगून बघा, अभ्यासाला बसेल.

लोकांना काय सांगायचं ह्याचं उत्तर मी देणार नाही. तो प्रश्न मुलाच्या करिअरचा नाही.

पुढचं पत्र मला त्याच्याकडून हवंय. तुम्ही वाचून न पाठवलेलं. त्यात त्याने पाचही पाईपांची चित्रं काढावीत, कुठलं लाकूड, कुठला रंग, कुठे चुकलं ते लिहावं. त्यावरून मी त्याला यूसीडला बसवायचं, की आधी वर्षभर एखाद्या कारागिराकडे धाडायचं, ते सांगेन. दोन्हींची तयारी ठेवा. दिवाळीत गावाला जाल तेव्हा त्याला दोन दिवस सावंतवाडीत सोडा, बरोबर जाऊ नका.

पण त्याच्याकडून पत्र हवं असेल तर आधी तुम्हाला त्याच्याशी बोलावं लागेल. टाकलेल्या वस्तूंबद्दल माफी मागा. बाप म्हणून जड जाईल, तरी मागा. मामांच्या वर्कशॉपची बंदी ह्याच आठवड्यात उठवा. शनिवार-रविवार जाऊ दे, बाकीचे दिवस बारावीला. आणि जाताना चांगल्या प्रतीचा मास्क घेऊन द्या. शिसवीचा भुसा छातीला आणि कातडीला त्रास देतो, ह्या वयात कुणी ते मनावर घेत नाही.