वाचकांचे प्रश्न : आवडते चित्र आणि त्याचा 'माझा' अर्थ

प्रश्न : आम्ही काही मित्र महिन्यातून एकदा भेटतो आणि प्रत्येक जण आपल्या आवडीचे एक चित्र इतरांना दाखवून ते आपल्याला का जवळचे वाटते हे सांगतो. मी अमेरिकन चित्रकार एडवर्ड हॉपर यांचे 'नाइटहॉक्स' दाखवले. मी अनेक वर्षे रात्रपाळीत काम केले आहे आणि ते चित्र पाहिले की मला धीर येतो, असे मी म्हणालो. त्यावर एका मित्राने, हे तर एकटेपणाचे जगप्रसिद्ध चित्र आहे, तुम्ही ते उलटेच वाचले, असे सुनावले. माझे खरोखरच चुकले का?

उत्तर : चुकले असे मी म्हणणार नाही, मात्र आपण मित्रापुढे अर्धेच बोललात, असे म्हणेन. 'मला धीर येतो' हे आपल्याविषयीचे विधान झाले. तो धीर चित्रातल्या नेमक्या कोणत्या जागेतून येतो, हे बोट ठेवून दाखवले असते, तर मित्राला ते इतक्या सहज खोडून काढता आले नसते.

हे चित्र 1942 सालचे असून ते शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. मध्यरात्र उलटून गेलेली, समोरची दुकाने अंधारात बुडालेली आणि कोपऱ्यावरच्या काचबंद उपाहारगृहात चारच माणसे : शेजारी शेजारी बसलेले एक जोडपे, आपल्याकडे पाठ करून बसलेला एक पुरुष आणि काउंटरमागे पांढऱ्या कपड्यांतला नोकर. आपल्या मित्राची बाजू चित्रात भक्कम आहे, हे आधी मान्य करायला हवे. जोडप्याचे हात एकमेकांच्या अगदी जवळ येऊनही स्पर्श करत नाहीत, पाठमोऱ्या माणसाचा चेहरा आपल्याला जवळपास दिसतच नाही, आणि मुख्य म्हणजे रस्त्यावरून त्या उपाहारगृहात शिरायला चित्रात कुठे दारच नाही. बाहेर उभे राहून पाहणाऱ्याला आत जाण्याची सोय नाही, ही गोष्ट एकदा लक्षात आली की ती सहजासहजी मनातून जात नाही.

आता आपली बाजू. काउंटरमागचा माणूस कामात वाकलेला असूनही मान वर करून गिऱ्हाइकांकडे पाहतो आहे, जणू कुणीतरी त्याच्याशी नुकतेच काही बोलले असावे. त्याच्या मागे कॉफीची दोन मोठी चकचकीत भांडी उभी आहेत. आणि तो उजेड काचेच्या आत कोंडलेला नसून बाहेरच्या फरसबंदीवर सांडलेला आहे. ज्याने रात्री-अपरात्री काम केले आहे त्याला असा उजेड म्हणजे 'अजून कुणीतरी जागे आहे' अशी खूण वाटली, तर ते चित्रात नसलेले काही आपण त्याच्यावर लादले, असे कसे म्हणता येईल? गंमत अशी की, या चित्राविषयी विचारले असता खुद्द हॉपर यांनीही ते आपल्याला फारसे एकाकी वाटले नव्हते, पण नकळत आपण मोठ्या शहरातले एकटेपण रंगवले असावे, अशा आशयाचे उत्तर दिले होते. म्हणजे चित्रकारानेच दोन्ही पक्षांना थोडी थोडी जागा करून दिलेली आहे.

माझी कसोटी साधी आहे. सांगणाऱ्याला जो अर्थ चित्रातल्या रंगाशी, रेषेशी किंवा एखाद्या रिकाम्या जागेशी नेऊन जोडता येतो, तो अर्थ कितीही खाजगी असला तरी इतरांनी ऐकण्याजोगा असतो. ज्याला असा दुवाच नाही ती निव्वळ आठवण. तीही जरूर सांगावी, पण तिच्यासाठी हॉपर यांना वेठीस धरू नये.

प्रश्न : माझ्या रोजच्या वाटेवरच्या एका भिंतीवर भले मोठे चित्र होते. कुणी काढले होते हे मला ठाऊक नाही, पण सात वर्षे मी ते रोज पाहत होते. मागच्या महिन्यात त्यावर एका रात्रीत पांढरा रंग फासला गेला आणि मला रडू आले. ज्या भिंतीशी आपला काही संबंध नाही तिच्यासाठी इतके हळवे होणे बालिश आहे का?

उत्तर : मुळीच नाही, आणि या दुःखात आपण एकट्याही नाही. न्यूयॉर्कमधील 'फाइव्ह पॉइंट्झ' नावाच्या इमारतीच्या भिंती वर्षानुवर्षे चित्रांनी भरलेल्या होत्या. 2013 साली मालकाने एका रात्रीत त्यांच्यावर पांढरा रंग मारला, तेव्हा प्रकरण न्यायालयात गेले आणि 2018 साली 21 चित्रकारांना मिळून 67.5 लाख डॉलर भरपाई मंजूर झाली. भिंत दुसऱ्याची असली तरी तिच्यावरच्या चित्राशी चित्रकाराचे काही नाते उरते, हे तिथल्या कायद्याने मानले. सात वर्षे ते पाहणाऱ्याच्या नात्याला मात्र कोणत्याच कायद्यात रकाना नाही.

याची दुसरी बाजूही पाहावी. ब्लू या नावाने काम करणाऱ्या चित्रकाराची बर्लिनमधली दोन प्रचंड भित्तिचित्रे 2014 साली त्याच्याच संमतीने काळ्या रंगाखाली गेली, कारण त्या परिसराचे भाव वाढवण्यासाठी ती वापरली जाण्यापेक्षा नाहीशी झालेली बरी, अशी भूमिका त्यामागे होती. रस्त्यावर चित्र काढणारा ते पुसले जाण्याची शक्यता गृहीत धरूनच हातात रंग घेतो. पाहणारा मात्र ते उद्याही तिथेच असेल असे धरून चालतो. आपल्याला रडू आले ते बहुधा या तफावतीमुळे.

आपण पत्रात चित्राचे वर्णन मुळीच केलेले नाही, हे मला खटकले. त्यात कोण होते, नजर कुठे होती, पाऊस पडल्यावर कोणता रंग गडद दिसत असे, कोणत्या कोपऱ्यातला गिलावा आधी सुटला, हे सारे आठवते तोवर लिहून काढावे. छायाचित्र असल्यास उत्तमच, पण छायाचित्रात चालत जाताना भिंत हळूहळू डोळ्यांपुढे कशी येत असे ते उतरत नाही.

प्रश्न : एखाद्या चित्राविषयी बोलण्याआधी त्याचा इतिहास वाचावा, की वाचनाने आपली स्वतःची नजर बिघडते?

उत्तर : आधी पाहावे, मग वाचावे, आणि वाचून झाल्यावर पुन्हा पाहावे. वाचनाने नजर बिघडत नाही, पण कधी कधी दुखावते, हे मात्र खरे. खिडकीपाशी उभी राहून पत्र वाचणाऱ्या मुलीचे, सतराव्या शतकातले डच चित्रकार व्हर्मीर यांचे एक चित्र जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये आहे. तिच्या मागची मोकळी भिंत हीच मला त्या चित्राची खरी जागा वाटत असे. पत्रात काय लिहिले असेल हे ती भिंत कुणालाच सांगत नव्हती. त्या भिंतीखाली कामदेवाचे चित्र दडले आहे हे 1979 सालच्या क्ष-किरण तपासणीत कळले होते, पण ते व्हर्मीर यांनी स्वतःच झाकले असावे असा समज होता. पुढे 2017 पासून सुरू झालेल्या जतनाच्या कामात, तो थर त्यांच्या मृत्यूनंतर काही दशकांनी दुसऱ्याच कुणीतरी चढवल्याचे सिद्ध झाले. तो खरवडून काढण्यात आला आणि 2021 साली चित्र पुन्हा लोकांसमोर आले, तेव्हा भिंतीवर चांगला मोठा कामदेव उभा होता आणि पत्र प्रेमपत्र असल्याचे जवळजवळ जाहीरच झाले होते.

चित्रकाराच्या मनात होते ते आता दिसते आहे, हे मला पटते. तरीही माझ्या टेबलासमोर लावलेली त्या चित्राची जुनी छापील प्रत मी काढलेली नाही. नवी आणून तिच्या शेजारी लावली आहे, आणि नजर अजून आधी जुनीकडेच जाते.