मोकळा भात: आधी तांदूळ बघ

गोव्यात म्हापशाच्या बाजारात सुटा तांदूळ घेताना नवा की जुना ते विचार. नवा चिकटतोच, त्याची पेज कर. सुरय (न उकडलेला पांढरा तांदूळ) असेल तर पाणी जवळपास नितळ होईपर्यंत धू. दाण्यावरचं सुटं पीठ त्यात निघून जातं. 20 मिनिटं भिजव. कुकर विसर, टोपात भरपूर पाणी उकळून तांदूळ त्यात सोड. दाणा बोटांत चेपून बघ, मधे किंचित कणी लागली की लगेच वेळून घे, म्हणजे पाणी ओतून काढ, आणि झाकण घालून मंद आचेवर 5 मिनिटं वाफ दे. मग 10 मिनिटं हात लावू नकोस. ढवळून ढवळूनच भाताचा गोळा होतो. उकड्या तांदळाला एवढे लाड नकोत. तो सालीसकट आधीच उकडलेला असतो, फक्त शिजायला वेळ खातो. हुमणासोबत, म्हणजे माशांच्या आमटीसोबत, मला तरी तोच हवा.