लॅपटॉपची ड्राइव्हच दिसत नाही, मग बॅकअप परत कसा घ्यायचा?

तुमच्या प्रश्नावरून मला समजलं ते असं: २०२१ मध्ये घेतलेला, इंटेलच्या ११व्या पिढीचा प्रोसेसर असलेला लॅपटॉप निळा पडदा दाखवून बंद पडला. दिवाळीत काढलेली सिस्टिम इमेज (विंडोजसकट अख्ख्या ड्राइव्हची प्रत) बाहेरच्या हार्ड डिस्कवर आहे. विंडोजचा पेनड्राइव्ह बनवून ती परत चढवायला गेलात, तर लॅपटॉपची आतली ड्राइव्हच सापडत नाही. दुकानदार म्हणाला, ड्राइव्ह गेली, नवीन टाका. आणि दिवाळीनंतर पत्नीनं लिहिलेली प्रबंधाची दोन प्रकरणं फक्त त्या लॅपटॉपमध्येच आहेत.

गेली बारा वर्षं मी लॅपटॉप दुरुस्त करतोय. तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य वाचून आधी हे सांगतो: ड्राइव्ह सापडली तरी इमेज लगेच चढवू नका. इमेज परत घेताना विंडोज ती ड्राइव्ह पुसून नव्यानं मांडते. दिवाळीपर्यंतचं सगळं परत येईल आणि ती दोन प्रकरणं कायमची जातील. एसएसडीवर, म्हणजे हल्लीच्या लॅपटॉपमधल्या ड्राइव्हवर, एकदा वरून लिहिलं गेलं की कुठलंच रिकव्हरी सॉफ्टवेअर ते परत आणत नाही. म्हणून आधी प्रकरणं बाहेर काढायची, मगच बॅकअप.

त्याहीआधी पाच मिनिटं काढून फोनवरून पत्नीच्या मायक्रोसॉफ्ट खात्यानं वनड्राइव्ह उघडून बघा. विंडोजमध्ये डॉक्युमेंट्स फोल्डर बऱ्याचदा वनड्राइव्हशी (मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीशी) जोडलेलं असतं हे पुष्कळांना ठाऊकही नसतं. तिथे फाइल मिळाली तर निम्मी काळजी तिथेच मिटेल.

आता ड्राइव्हकडे वळू. लॅपटॉप चालू करतानाच एफ२ दाबून बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या सेटिंगमध्ये जा (काही कंपन्यांच्या लॅपटॉपवर एफ१० किंवा डिलीट असतं). तिथे स्टोरेजच्या पानावर ड्राइव्हचं नाव आणि आकार दिसतो का ते बघा. दिसत असेल तर ती जिवंत असण्याची शक्यता खूप आहे, आणि दुकानदारानं हे न बघताच निकाल दिला असावा. माझ्याकडे ‘ड्राइव्ह गेली’ म्हणून येणाऱ्या ११व्या पिढीनंतरच्या इंटेल लॅपटॉपमध्ये पुढे सांगतो तेच कारण मला वारंवार सापडतं.

होतं काय, तर या प्रोसेसरपासून बऱ्याच कंपन्या व्हीएमडी नावाचा कंट्रोलर चालू ठेवूनच लॅपटॉप विकतात. ड्राइव्ह त्याच्या मागे बसते. लॅपटॉपसोबत आलेल्या विंडोजमध्ये त्याचा ड्रायव्हर (तो कंट्रोलर ओळखणारं छोटं सॉफ्टवेअर) असतो, म्हणून रोज काही अडत नाही. तुम्ही बनवलेल्या पेनड्राइव्हमध्ये मात्र तो ड्रायव्हर बहुधा नसतो. ड्राइव्ह जागेवर असते, पण पेनड्राइव्हवरच्या विंडोजला ती दिसत नाही.

यावर ‘बायॉसमध्ये जाऊन व्हीएमडी बंद करा’ असा सल्ला सगळीकडे मिळेल. तुम्ही तो आत्ता मानू नका. ड्राइव्ह दिसू लागेल हे खरं, पण आत बसवलेलं विंडोज त्या अवस्थेत चालू होताना पुन्हा निळा पडदा देतं, आणि बिटलॉकर (ड्राइव्ह कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ते किल्ली मागू शकतं. घाबरलेल्या माणसापुढे एकाच वेळी दोन नवी संकटं नकोत. ड्रायव्हर देणं हाच सरळ मार्ग.

लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर तुमचं मॉडेल टाका आणि इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर उतरवा. मिळालेली फाइल चालवायची नाही, उलगडायची (एक्स्ट्रॅक्ट करायची). आत आयएनएफ प्रकारची फाइल असलेलं फोल्डर मिळेल, ते पेनड्राइव्हवर ठेवा. पेनड्राइव्हवरून लॅपटॉप चालू करा, ‘इन्स्टॉल’ ऐवजी ‘रिपेअर’ निवडा, ट्रबलशूटमधून कमांड प्रॉम्प्टवर जा. तिथे ‘ड्रव्हलोड’ ही आज्ञा आणि पुढे त्या आयएनएफ फाइलचा पूर्ण पत्ता द्या. ती आज्ञा इंग्रजीत डी, आर, व्ही आणि पुढे लोड अशी, मध्ये जागा न सोडता लिहायची. मग ड्राइव्हची यादी बघण्यासाठी ‘डिस्कपार्ट’, आणि त्यात ‘लिस्ट डिस्क’. नवी ओळ आली आणि आकार तुमच्या ड्राइव्हचा असला, की ती सापडली. डिस्कपार्टमधून ‘एक्झिट’ करून बाहेर पडा, तिथे आणखी काहीही टाइप करू नका. ‘क्लीन’ हा एक शब्द सगळं पुसतो.

कुठेही ‘इनिशियलाइझ’ किंवा ‘फॉरमॅट’ विचारलं तर नाही म्हणा.

आता प्रकरणं. त्याच काळ्या खिडकीत ‘नोटपॅड’ टाइप करा आणि फाइल मेनूतून ओपन उघडा. खाली फाइलचा प्रकार ‘ऑल फाइल्स’ करा. हीच खिडकी आता एक्सप्लोररसारखी वापरता येते: यूजर्समध्ये पत्नीचं फोल्डर शोधा, राइट क्लिकनं कॉपी करा, दुसऱ्या पेनड्राइव्हवर पेस्ट करा. इथे ड्राइव्हची अक्षरं बदललेली असतात. नेहमीची सी कधी डी होते, तर एक्स म्हणून जे दिसतं ते पेनड्राइव्हवरून चाललेलं तात्पुरतं विंडोज असतं. अक्षरावर जाऊ नका, आतली फोल्डरं बघून ओळखा.

ड्राइव्ह कुलूपबंद दिसली तर बिटलॉकर आहे. त्याची किल्ली ४८ अंकांची, सहा-सहा अंकांच्या आठ गटांत असते. मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॅपटॉप सुरू केला असेल तर ती त्या खात्यात, लॅपटॉपच्या नावाखाली साठवलेली सापडते. कॉलेजच्या खात्यानं लॉगिन असेल तर कॉलेजच्या आयटी विभागाला विचारा. ती किल्ली नसेल तर मीच काय, कुणीही ती ड्राइव्ह उघडू शकत नाही. ‘उघडून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

फाइल हातात आली, दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहिली, की मग इमेज. ड्रव्हलोडनं घातलेला ड्रायव्हर लॅपटॉप बंद केल्यावर राहत नाही, मध्ये बंद केलात तर ती आज्ञा पुन्हा द्यावी लागेल. इमेज सापडत नाही असं विंडोजनं म्हटलं, तर ‘विंडोजइमेजबॅकअप’ हे फोल्डर हार्ड डिस्कच्या अगदी वरच्या पातळीवर आहे का बघा. कुणी नीटनेटकेपणासाठी ते दुसऱ्या फोल्डरात ठेवलं असेल तर विंडोजला ते सापडत नाही.

नवीन ड्राइव्ह टाकायचीच वेळ आली तर आकार जपा. आमच्या गल्लीतल्या एका शिक्षिकेच्या लॅपटॉपमध्ये ५१२ जीबीची ड्राइव्ह होती. दुकानातून ५०० जीबीची बसवून आणली. त्यांची स्वतःची इमेज केवळ दीडशे जीबीची, तरी विंडोजनं ती चढवायला नकार दिला, कारण नवी ड्राइव्ह मूळ ड्राइव्हपेक्षा लहान चालत नाही. दोन दिवस त्या रडकुंडीला आल्या होत्या. त्यांना वाटलं, बॅकअपच खराब आहे. मी त्यांची हार्ड डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली, विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून ‘अटॅच व्हीएचडी’ (इमेजची फाइल ड्राइव्हसारखी जोडणारा पर्याय) निवडलं, ‘रीड ओन्ली’वर खूण केली आणि इमेजमधली सगळ्यात मोठी फाइल जोडली. नवं ड्राइव्ह अक्षर उमटलं आणि दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका समोर आल्या. तुमचीही इमेज आजच अशी उघडून बघा, लॅपटॉपला हातही न लावता.

बायॉसमध्येच ड्राइव्ह नसेल तर मात्र मामला वेगळा. लॅपटॉप पूर्ण बंद करून, बॅटरीची जोडणी काढून, एसएसडी एकदा काढून पुन्हा नीट बसवा आणि स्क्रू घट्ट करा. एवढ्यानं परत आलेल्या ड्राइव्ह मी पाहिल्या आहेत. दिसली आणि थोड्या वेळानं पुन्हा गेली, तर पुढच्या वेळी दिसताक्षणी आधी प्रबंधच कॉपी करा, फोटो नंतर. अशा ड्राइव्हवर चेकडिस्क (विंडोजचं ड्राइव्ह तपासून दुरुस्त करणारं साधन) चालवू नका, दुरुस्ती करताना ते तिच्यावर लिहितं. तरीही दिसली नाही तर दुकानं फिरण्याऐवजी थेट डेटा रिकव्हरीच्या लॅबमध्ये द्या, आणि तपासणीचं शुल्क आधी विचारा.

बायॉसमधल्या स्टोरेज पानाचा फोटो आणि लॅपटॉपचं नेमकं मॉडेल इथे टाका. कुठला ड्रायव्हर घ्यायचा ते मी बघून सांगतो.