पहिलं वर्ष घरी झोपायचं

प्रश्न : माझं वय 29. नऊ वर्षं गोदामात माल चढवण्या-उतरवण्याचं काम करतोय. घरी बायको, साडेतीन वर्षांचा मुलगा आणि पाच महिन्यांची मुलगी. कमावणारा मी एकटाच. हलकी गाडी चालवतो; आता जड वाहनाचा परवाना काढून ट्रकवर जायचं मनात आहे. एक मालक लांब पल्ल्याच्या गाडीवर घ्यायला तयार आहेत, पैसे खेपेवर. सासरे म्हणतात, दुसऱ्याची गाडी कशाला, कर्ज काढ आणि स्वतःचीच घे. बायको म्हणते, काहीही कर, पण मुलगी वर्षाची होईपर्यंत थांब. कुणाचं ऐकू? (नाव छापू नये.)

उत्तर : बायकोचं ऐका, पण अर्धंच. ट्रकवर जायला थांबू नका. लांब पल्ल्याला मात्र थांबा. पहिलं वर्ष अशी गाडी शोधा जी संध्याकाळी किंवा पहाटे का होईना, पण रोज तुम्हाला घरी सोडते. गोदाम ते दुकान, बंदर ते गोदाम, वाळू-सिमेंट, दूध, काहीही. पैसे कमी मिळतील. तरीही.

मी बावीस वर्षं गाडी चालवली, आता नवीन पोरांना शिकवतो. माझी सुरुवात नेमकी उलटी झाली. मोठी मुलगी चार महिन्यांची होती आणि मी थेट लांबच्या गाडीवर चढलो. खेपेचा आकडा ऐकून भुललो होतो. आमच्या हिने तेव्हा एका वहीत दोन रकाने आखले : ‘गाडी हलली’ आणि ‘गाडी थांबली’. मी फोनवर सांगायचो, ती लिहायची. तीन महिन्यांनी वही समोर ठेवली. लोडिंगच्या रांगेत, कागदपत्रांसाठी, परतीच्या मालाची वाट बघत घालवलेले दिवस हलण्याच्या दिवसांपेक्षा जास्त भरले. खेपेचे पैसे सगळ्या दिवसांवर वाटले, तर हाती पडत होतं जुन्या नोकरीइतकंच. वर बाहेरच्या जेवणाचा खर्च माझा.

म्हणून त्या मालकांना ‘खेपेला किती’ याच्या आधी ‘गाडी उभी राहिली तर किती’ हे विचारा. माल खराब झाला, पंक्चर झालं, दंड बसला, तर भुर्दंड कुणाचा? उचल किती मिळते, कशी कापतात? माझ्या पहिल्याच वर्षी रिव्हर्स घेताना गाडीचा मागचा कोपरा एका भिंतीला लागला. खाली उतरून बघायची लाज वाटली होती, मागे चार ड्रायव्हर उभे होते ना! त्या भिंतीचे पैसे मालकाने माझ्या पगारातून पाच महिने कापले, आणि तसं कापणार हे आधी कुणी बोललं नव्हतं. कागदावर घ्या. आणि रिव्हर्सला उतरून बघा. चार काय, चाळीस ड्रायव्हर हसले तरी.

आता झोपेचं. घरात पाच महिन्यांचं बाळ आहे म्हणजे तुमची झोप आधीच तुकड्यातुकड्यांची. सलग 17 तास जागा असलेला माणूस रक्तात 0.05 टक्के दारू असल्यासारखा वागतो, हे संशोधकांनी मोजलेलं आहे. ताशी 80 ला गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. तीन सेकंद डोळा लागला तर 66 मीटर गाडी कुणीच चालवत नसतं. म्हणूनच युरोपात साडेचार तास स्टेअरिंगवर झाले की 45 मिनिटं विश्रांती सक्तीची आहे. भारताच्या कायद्यात दिवसाला 8 तास काम, अमेरिकेत माल वाहणाऱ्याला जास्तीत जास्त 11 तास ड्रायव्हिंग. कागदावरचे तास आणि रस्त्यावरचे तास यांतलं अंतर तुम्हाला पहिल्याच आठवड्यात कळेल. मुरलेला ड्रायव्हर थकल्यावर सवयीवर चार किलोमीटर रेटून नेतो (तेही चूकच). नवख्याकडे ती सवयही नसते, त्याला प्रत्येक गिअर आठवून टाकावा लागतो.

आणि जड गाडी म्हणजे मोठी कार नव्हे. हवेच्या ब्रेकला पाय दाबल्यापासून पकड यायला अर्ध्या सेकंदाच्या आसपास वेळ लागतो, म्हणजे 80 च्या वेगात आणखी दहा-अकरा मीटर गेले. वेग 60 चा 80 केला की गाडी थांबवायला लागणारी ताकद पावणेदोन पट होते. उतारावर ब्रेकवर पाय ठेवून बसलात तर ब्रेक तापतात, वास येतो आणि मग धरतच नाहीत. गिअर उतार सुरू व्हायच्या आधी खालचा टाकायचा आणि इंजिनाला गाडी अडवू द्यायची. हे सगळं ऐकून कळतं, पण पायात उतरायला महिने जातात. ते महिने ओळखीच्या रस्त्यावर, दिवसाउजेडी, पुरेशा झोपेवर जावेत, एवढंच माझं म्हणणं.

तुमची गोदामातली नऊ वर्षं मात्र वाया नाहीत. माल कुठे जड, कुठे हलका, उंच रचला तर वळणावर काय होईल, दोर कुठे सुटतो, हे शिकवायला मला नवीन पोरांमागे सर्वांत जास्त घसा कोरडा करावा लागतो. तुम्हाला ते हाताला माहीत आहे. मुलाखतीत हेच आधी सांगा.

सासऱ्यांचा मुद्दा दोन वर्षांनी काढा. गाडी उभी असली तरी हप्ता उभा राहत नाही. विमा, टायर, दुरुस्ती त्याच्या मागे रांगेत. डिझेल तर सगळ्यांच्या पुढे. नवखा मालक-ड्रायव्हर हप्त्याच्या धाकाने नको ते भाडं घेतो, नको तितका माल भरतो आणि नको त्या वेळी गाडी हाकतो. टायरवर टॉमी (लोखंडी दांडा) मारून नुसत्या आवाजावरून हवा कमी आहे हे ओळखता यायला लागलं, की मग कर्जाचं बोला. (आमची मोठी दीड वर्षाची असताना मला बघून लाटणं घेऊन टेबलाच्या पायांना, पोत्यांना आणि एकदा आजीच्या गुडघ्याला ठोकून कान लावायची. महिन्यातून चार दिवस घरी असायचो, त्यात तिने उचललं ते हे.)

घरी काय ठरवायचं? ज्या दिवशी पहाटेची ड्युटी, त्याच्या आदल्या रात्री तुम्ही वेगळ्या कोपऱ्यात झोपा, बाळाला बायको बघेल. सुट्टीच्या आदल्या रात्री उलट : बाळ तुमचं, आणि बायकोला कुणी उठवायचं नाही. तिने ‘थांब’ म्हटलंय ते ट्रकच्या भीतीने असेल असं मला वाटत नाही. तिला रात्री घरात दुसरं मोठं माणूस हवंय. हे एकदा तोंडाने विचारून घ्या, आमच्याकडे विचारायला मला सहा वर्षं लागली. नोकरी सोडण्याआधी तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला असू द्या. शिकवणी, परवाना आणि पहिला पगार हातात पडेपर्यंतची फट त्यातूनच भरायची आहे. जमलं तर शिकवणी सुट्टीच्या दिवशी उरका, गोदामाची नोकरी चालू ठेवून.

एक काम मात्र शिकवणीचे पैसे भरायच्या आधी करा : डोळे, रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. पैसे भरून झाल्यावर वैद्यकीय तपासणीत अडकलेली दोन पोरं मी पाहिली आहेत. शिवाय तुम्ही घोरता का, मधेच श्वास अडकून दचकता का, तेही कळायला हवं. तसं असेल तर रात्रभर झोपूनही दिवसा स्टेअरिंगवर पेंग येते, आणि त्यावर उपचार आहेत. हे तुमचं तुम्हाला कळणार नाही. बायकोला विचारा, गेले पाच महिने ती रात्रीची जागीच आहे.